वेबकॅमचा छत्तीसचा आकडा

झूमच्या सेटिंगमध्ये 'व्हिडिओ' नावाचं एक पान आहे. बहुतेकांनी ते एकदाच उघडलेलं असतं, तेही मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं उरलेली असताना. वर आपला चेहरा दिसतो, खाली टिकमार्कची यादी. त्यात 'मिरर माय व्हिडिओ' आहे, चेहरा जरा गुळगुळीत करून देणारं 'टच अप' आहे. वरच्या चेहऱ्यावर माउस नेला की कोपऱ्यात 'रोटेट ९०°' असं बटण उगवतं. एकदा दाबलं की आपण आडवे, दोनदा दाबलं की शीर्षासनात.

मला या पानाची समीक्षा करायची आहे. कवितेची किंवा सिनेमाची करतात तशीच. सेटिंगचं पानही कुणीतरी लिहिलेलं असतं. माणसाला कोणते प्रश्न विचारायचे, कोणते त्याच्या वतीने आधीच सोडवून टाकायचे आणि कोणते विचारायचेच नाहीत, हे तिथे ठरतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणारा कोड हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे एकेका टिकमार्कमागे केवढे वाद झालेले असतात ते मला माहीत आहे. २०२० पासून आपल्यातल्या कित्येकांचे क्लास, इंटरव्ह्यू, मुलगी बघण्याचे कार्यक्रम आणि परदेशातल्या भावाशी होणाऱ्या गप्पा याच चौकटीतून चालतात. इतक्या लोकांच्या इतक्या मोठ्या गोष्टी ठरवणाऱ्या मजकुराला समीक्षक मिळू नये, हे काही बरोबर नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. वेबकॅमच्या दिशेबद्दलचं हे सगळं सॉफ्टवेअर 'मी मला कसा दिसतो' या प्रश्नाचं उत्तर देतं. 'मी समोरच्याला कुठे दिसतो' हा प्रश्न ते विचारतच नाही.

आरसा

आधी आरसा घेऊ. व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात दिसणारी आपली प्रतिमा उलटी असते, म्हणजे डावं-उजवं बदललेली. हे करायला एक ओळ पुरते. प्रत्येक ठिपक्याची आडवी जागा 'क्ष' असेल तर ती 'उणे क्ष' करायची, झालं. ही उलटापालट फक्त आपल्यापुरती असते. समोरच्याला जातं ते सरळ चित्र. म्हणजे एकाच वेळी माझे दोन चेहरे तयार होतात, एक माझ्यासाठी आणि एक जगासाठी.

याची बाजू घेणारा मुद्दा रास्त आहे. प्रतिमा उलटी केली नाही, तर कपाळावरची बट उजवीकडे सारायला गेलेला हात पडद्यावर डावीकडे जातो आणि माणूस गोंधळतो. आपल्याला स्वतःला बघायची सवय आरशातूनच लागलेली असते. मीता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. त्यांनी माणसांना स्वतःच्या फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. लोकांचा कल स्वतःच्या उलट्या प्रतीकडे होता आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींचा कल सरळ प्रतीकडे. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला आवडतं, एवढाच त्याचा अर्थ. सॉफ्टवेअरने हे धोरण उचललं आणि दोघांनाही खूश ठेवलं.

पण कॅमेऱ्यासमोर नुसता चेहरा असतो तोवरच ही खुशी टिकते. लॉकडाउनमध्ये शिक्षकांनी पाटी कॅमेऱ्यासमोर धरली तेव्हा काय झालं ते आठवा. बाईंच्या स्वतःच्या पडद्यावर 'ग'चा उभा दंड डावीकडे गेला आणि शब्द उजवीकडून सुरू झाला. पोरांना सगळं नीट दिसत होतं. बाईंना मात्र ते कळायचा काही मार्ग नव्हता. अशा वेळी कुणी पाटी खाली ठेवून देतं, कुणी फोन फिरवून बघतं, कुणी मुलांनाच विचारतं, "सरळ दिसतंय ना रे?" सरळ दिसतंय असं मुलांनी सांगितलं तरी समोरचं दृश्य उलटंच राहतं. माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की पहिलीतल्या पोराच्या शब्दावर?

यात आपल्या लिपीची एक गंमत आहे. देवनागरीतले ३ आणि ६ हे शेपटीचा फरक सोडला तर एकमेकांचे आरशातले जोडीदार आहेत. म्हणून तर न पटणाऱ्या दोघांचा आपण 'छत्तीसचा आकडा' म्हणतो: दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. आता ३६ आरशात धरून बघा. तीनचा सहा होतो, सहाचा तीन होतो, जागाही बदलतात, आणि पुन्हा ३६च दिसतो. म्हणजे बाईंनी पाटीवर छत्तीस लिहिले असते तर त्यांना काहीच बिनसल्यासारखं वाटलं नसतं. आरशाने पाठ फिरवलेली माणसं समोरासमोर येत नाहीत. या आकड्याकडे शेवटी परत यावं लागेल.

उलटी अक्षरं वाचणं ही एके काळी रोजगाराची गोष्ट होती. छापखान्यातला खिळे जुळवणारा माणूस शिशाच्या टाइपातली उलटी अक्षरं भराभर वाचायचा. कारण त्याच्या हातातलं उलटं आणि कागदावरचं सुलटं, यातला संबंध त्याला पक्का ठाऊक होता. काम लोकांसाठी चाललंय आणि आपल्याला दिसतंय ती त्याची मागची बाजू आहे, हे त्याच्या हाताला माहीत होतं. व्हिडिओ कॉलने आपल्याला उलटी बाजू दाखवली, पण ती मागची बाजू आहे हे सांगितलं नाही. एक ओळ पुरली असती: 'हे फक्त तुम्हाला उलटं दिसतंय.' माझी तक्रार आरसा आहे याबद्दल नाही. तो आरसा असल्याचं लपवून खिडकी असल्यासारखा दाखवला जातो, ही माझी तक्रार आहे.

आणि आरसा कायम का असावा? स्टॅनफर्डचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यातलं एक हेच: दिवसभर स्वतःकडे बघत राहणं. ऑफिसमध्ये कुणी दिवसभर आपल्यासमोर आरसा धरून मागे मागे फिरलं तर आपण त्याला हाकलून देऊ. झूममध्ये स्वतःचं चित्र लपवायची सोय आहे, पण ती शोधावी लागते. आरसा मात्र न मागता मिळतो.

नव्वद अंश

दुसरं बटण फिरवण्याचं. ते का लागतं? फोनला गुरुत्वाकर्षण कळतं. त्यातला एक्सेलरोमीटर खाली कुठे आहे ते सांगतो, म्हणून फोन आडवा केला की चित्र आपोआप वळतं. कंप्युटरला जोडलेल्या साध्या वेबकॅमला यातलं काहीच कळत नाही. तो टेबलावर आडवा पडला असेल तर त्याच्या लेखी जगच आडवं असतं. मग माणसाने बटण दाबून त्याला सांगायचं, बाबा रे, वर इकडे आहे.

लिनक्समध्ये वेबकॅमशी बोलणारी एक लायब्ररी आहे. तिच्या कोडमध्ये लॅपटॉपच्या मॉडेल्सची एक भलीमोठी यादी आहे, त्यात असूसची मॉडेल्स बरीच. या सगळ्या लॅपटॉपांमध्ये कॅमेरा उलटा बसवलेला आहे, तेव्हा चित्र फिरवून द्या, असा तिचा अर्थ. कारखान्यात कॅमेऱ्याचा तुकडा उलटा बसवला गेला आणि विंडोजचा ड्रायव्हर ते चित्र गुपचूप सरळ करत राहिला. लिनक्स टाकणाऱ्याला स्वतःचं डोकं खाली दिसलं तेव्हा हे बाहेर आलं. मला ही यादी वाचायला आवडते. कुणीतरी उलटं दिसणाऱ्या अनोळखी लोकांसाठी एकेक ओळ भरत गेलंय, आणि ज्यांच्यासाठी भरली त्यांना ते कधी कळणारही नाही.

पण नव्वद अंशांचा खरा प्रश्न बटणाने सुटत नाही. तो प्रश्न चौकटीचा आहे. तुम्ही हे बहुधा फोनवर वाचत असाल, फोन उभा धरून. व्हिडिओ मीटिंगचा चौकोन मात्र आडवा असतो, १६ बाय ९. कारण तो लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. उभ्या फोनचं ९ बाय १६ चित्र त्या आडव्या चौकोनात पूर्ण बसवलं तर किती जागा भरते? चौकोनाची उंची ९ धरली तर चित्राची रुंदी येते ५ च्या जरा वर, आणि चौकोनाची रुंदी आहे १६. म्हणजे सुमारे ३२ टक्के. उरलेल्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. चौकोन भरून टाकायचा म्हटलं तर चित्र कापावं लागतं, आणि मग त्यातलं ३२ टक्केच शिल्लक राहतं: कपाळ नाही, खांदे नाहीत, नाकाडोळ्यांची एक पट्टी.

म्हणजे ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो मीटिंगमध्ये अख्खा असतो आणि ज्याच्याकडे फोन आहे तो एक तृतीयांश. कुणी हे ठरवून केलेलं नाही. पण चौकट आखताना समोर कुठला माणूस होता, ते त्यातून दिसतं.

'फोन आडवा धरा' हे उत्तर सोपं आहे, पण ते दर वेळी बरोबर असेलच असं नाही. फोनवरून फोनवर बोलणाऱ्या दोघांना उभी चौकटच बरी. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांना तर उभी चौकट जास्त उपयोगाची, कारण त्यांचं बोलणं डोक्यापासून कमरेपर्यंत चालतं. त्यांच्यासाठी लॅपटॉपचा जवळून घेतलेला आडवा चेहरा म्हणजे तोंडावर हात ठेवून बोलणं. चेहरा शोधून त्यावर आपोआप झूम करणारं फ्रेमिंग तर त्यांचे हातच कापून टाकतं. कुठली दिशा 'सरळ' हे बोलणारा काय बोलतोय त्यावर ठरतं. मशीनने ते चेहऱ्यावरून ठरवलं आहे.

चौकटीचा हा प्रश्न आपल्याकडच्या एका सिनेमाने फार नेमका ओळखला होता. महेश नारायणन यांचा 'सी यू सून' हा मल्याळम सिनेमा सप्टेंबर २०२० मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. लॉकडाउनच्या काळात बनलेला, बराचसा आयफोनवर शूट केलेला. सगळी गोष्ट कंप्युटर आणि फोनच्या पडद्यांवर घडते. परदेशात राहणारा जिमी एका मुलीच्या प्रेमात पडतो, ती अनू त्याला व्हिडिओ कॉलमधून भेटत राहते आणि मग एक दिवस नाहीशी होते. जिमीचा चुलतभाऊ केविन तिचा शोध घेऊ लागतो. सिनेमा पुढे जे उघड करतो ते सगळं अनूच्या चौकटीच्या बाहेर, त्याच खोलीत, त्याच घरात घडत होतं. जिमीने तिला रोज पाहिलं आणि ती कुठे आहे हे त्याला कधी दिसलं नाही. अशा सिनेमांचं कौतुक बहुधा तंत्राचं होतं. मला यातला नैतिक मुद्दा जास्त मोठा वाटतो: जवळून दिसणं म्हणजे ठावठिकाणा कळणं नव्हे. दिग्दर्शक पडद्यावरच्या खिडक्यांमध्ये जवळ जातो, सरकतो, एखाद्या कोपऱ्यावर थांबतो. खऱ्या व्हिडिओ कॉलमध्ये आपल्याला असं कुठेही सरकता येत नाही, याची जाणीव तो त्यातून करून देतो.

उंची

आता सेटिंगच्या पानावर नसलेली गोष्ट. कॅमेरा किती उंचीवर आहे आणि तो वर बघतोय की खाली, याबद्दल तिथे अक्षरही नाही.

वेबकॅमचा इतिहास बघितला तर याचं थोडं स्पष्टीकरण मिळतं. केंब्रिज विद्यापीठाच्या कंप्युटर लॅबमध्ये १९९१ मध्ये एक कॅमेरा कॉफीच्या भांड्यावर रोखून ठेवला होता. जागेवरून न उठता भांड्यात कॉफी आहे का ते कळावं म्हणून. १९९३ मध्ये तो वेबवर आला आणि २००१ मध्ये बंद झाला. वेबकॅमचा हा पूर्वज म्हणजे डोकावणारा डोळा. कॉफीच्या भांड्याला उलटून बघायचं नव्हतं, त्यामुळे नजरानजर हा प्रश्नच नव्हता. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम आला, चेंडूसारखा गोल, राखाडी छटांचं चित्र देणारा. हा चेंडू हाताने हवा तसा वळवता यायचा. दिशा माणसाच्या हातात होती.

मग कॅमेरा लॅपटॉपच्या झाकणात गेला आणि दिशा बिजागरीच्या हातात गेली. आता पडदा नीट दिसावा म्हणून झाकण मागे कलवलं की कॅमेराही छताकडे बघतो. वाचण्यासाठी योग्य कोन आणि दिसण्यासाठी योग्य कोन हे एकाच स्क्रूला बांधले गेले. माझ्या टेबलावर मी मोजून बघितलं: टेबलापासून माझे डोळे ४५ सेंटिमीटरवर, लॅपटॉपचा कॅमेरा २३ सेंटिमीटरवर, आणि दोघांमधलं आडवं अंतर ५५. म्हणजे कॅमेरा माझ्याकडे सुमारे २२ अंशांनी खालून वर बघतो. नाकपुड्या, दुहेरी हनुवटी आणि पंखा यांचा उगम तिथे आहे. "आजी, फोन सरळ धर ना, नुसता पंखा दिसतोय" हे वाक्य घराघरांत बोललं जातं. आजीचा हात दुखतो म्हणून ती फोन मांडीवर टेकवते, इतकं साधं कारण असतं. लॅपटॉपवाल्यांना दुखणारा हात नसूनही त्यांचा पंखा दिसतो.

सिनेमावाल्यांना खालून बघणाऱ्या कॅमेऱ्याचं वावडं नाही. यासुजिरो ओझू हे जपानी दिग्दर्शक तर त्यासाठीच ओळखले जातात. 'टोकियो स्टोरी' (१९५३) बघा. जमिनीवर बसलेल्या माणसांच्या पातळीवर कॅमेरा, आणि बोलताना पात्रं जवळजवळ थेट भिंगात बघतात. पण ओझूंचा कॅमेरा खाली असतो, वर तोंड करून नसतो. तो माणसांबरोबर बसलेला असतो. लॅपटॉपचा कॅमेरा खाली पडून वर बघतो. यात आदराचा फरक आहे, आणि तो सेंटिमीटरमध्ये मोजता येतो.

नजरेचं गणित याहून अवघड. समोरच्याचे डोळे माझ्या पडद्याच्या मध्यावर, कॅमेरा त्यापासून १० सेंटिमीटर वर, मी ५५ सेंटिमीटर लांब. त्याच्या डोळ्यांत बघितलं की माझी नजर कॅमेऱ्यापासून साधारण १० अंश खाली जाते. त्याला वाटतं, हा माझ्या शर्टाकडे बघतोय. कॅमेऱ्यात बघितलं तर त्याला वाटतं मी त्याच्याकडे बघतोय, पण तेव्हा मला तो दिसत नाही. मिल्टन चेन यांनी २००२ मध्ये स्टॅनफर्डला असताना यावर प्रयोग केले. नजर खाली गेली तर माणसं थोडी सवलत देतात, पाचेक अंशांपर्यंत 'हा माझ्याकडेच बघतोय' असं मानून घेतात. डावीकडे, उजवीकडे किंवा वर गेलेली नजर मात्र लगेच ओळखली जाते. कॅमेरा पडद्याच्या वर का असावा, याचं हे सर्वांत चांगलं कारण.

हा निष्कर्ष हाताशी असताना बाजाराने काय केलं? डेलने २०१५ च्या एक्सपीएस १३ मध्ये कडा बारीक दिसाव्यात म्हणून कॅमेरा पडद्याखाली नेला, आणि २०१९ मध्ये पुन्हा वर आणला. हुआवेने २०१८ च्या मेटबुक एक्स प्रोमध्ये तो कीबोर्डच्या एका बटणात लपवला. म्हणजे टाइप करणाऱ्याची बोटं आणि नाक हेच मुख्य पात्र. ॲपलच्या आयपॅडला २०११ पासून पुढचा कॅमेरा होता, तोही आखूड कडेवर. कीबोर्ड लावून आयपॅड आडवा ठेवला की कॅमेरा बाजूला येतो आणि माणूस कायम कुठेतरी भलतीकडेच बघताना दिसतो. कॅमेरा लांब कडेवर यायला ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. या तिन्ही ठिकाणी वस्तू दुकानात कशी दिसते त्याचा विचार झाला होता. तिच्यातून माणूस कसा दिसेल याचा राहून गेला.

प्रश्न सुटण्यासारखा नव्हता असं नाही. माहितीपट बनवणारे एरॉल मॉरिस यांनी 'इंटरोट्रॉन' नावाचं एक यंत्र वापरलं. टेलिप्रॉम्प्टरची तिरकी काच, तिच्यावर मॉरिस यांचा चेहरा आणि काचेच्या मागे भिंग. मुलाखत देणारा मॉरिस यांच्या डोळ्यांत बघतो, तेव्हा तो आपोआप भिंगात बघतो. 'द फॉग ऑफ वॉर' (२००३) मध्ये रॉबर्ट मॅकनमारा व्हिएतनाम युद्धाबद्दल बोलतात तेव्हा ते थेट आपल्याशी बोलतात, याचं कारण ही काच. तिथेही आरसाच आहे. पण तो दुसऱ्याचा चेहरा दाखवण्यासाठी वापरलेला आरसा आहे. आपल्या मीटिंगमधला आरसा आपलाच चेहरा दाखवतो.

शेरा

हे सगळं सौंदर्यशास्त्र म्हणून सोडून देता आलं असतं. पण या अंशांवर माणसांच्या नोकऱ्या ठरतात.

मी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर बसतो. एका उमेदवाराचं सांगतो. कॉलेज तालुक्याच्या गावातलं. कोड लिहायला लॅबमधला पीसी, पण त्याला कॅमेरा नाही. म्हणून व्हिडिओसाठी फोन, मॉनिटरच्या उजव्या बाजूला पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. आमच्या पडद्यावर तो काळ्या पट्ट्यांच्या मध्ये, खालून वर, आणि सतत एका बाजूला बघणारा. बघणारच, कोड तिकडे होता. त्याने दोनपैकी एक प्रश्न नीट सोडवला, दुसरा अर्धा. इंटरव्ह्यूनंतर फॉर्ममध्ये माझ्या सहकाऱ्याने लिहिलं की उमेदवार नजर देत नाही, बाजूला काहीतरी बघून लिहीत असावा. मी त्याला कागदावर आकृती काढून दाखवली: फोन इथे, मॉनिटर इथे, नजर इकडे. त्याने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "बरोबर आहे, पण इम्प्रेशन तेच पडतं ना." शेरा फॉर्ममध्ये राहिला. मुलगा पुढच्या फेरीत गेला नाही. एवढ्या एकाच कारणाने गेला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याने कोड कसा लिहिला यापेक्षा त्याची बाटली कुठे होती यावर त्या फॉर्ममध्ये जास्त शब्द होते.

चेन यांचा निष्कर्ष इथे परत वाचा. खाली गेलेल्या नजरेला सवलत, बाजूला गेलेल्या नजरेला नाही. लॅपटॉपवाल्याची नजर खाली जाते. दोन वस्तूंवर कसरत करणाऱ्याची बाजूला. सवलतही आधीच वाटून टाकलेली आहे.

यावर कंपन्यांचं उत्तर आहे डोळे बदलणं. ॲपलने २०१९ मध्ये फेसटाइमसाठी अशी सोय चाचणीत आणली आणि पुढच्या वर्षी 'आय कॉन्टॅक्ट' नावाने दिली. एनव्हिडियाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या ब्रॉडकास्ट ॲपमध्ये तसंच काहीसं आणलं. तुम्ही कुठेही बघा, सॉफ्टवेअर तुमची बुबुळं उचलून कॅमेऱ्याकडे वळवतं. इंजिनिअर म्हणून मला हे काम थक्क करतं. समीक्षक म्हणून मला ते आरशाचंच पुढचं पाऊल वाटतं. आधी माझं खोटं चित्र मला दाखवत होते, आता माझं खोटं चित्र तुम्हाला दाखवतील. मॉरिस यांच्या काचेत दोघांना खरंच एकमेकांचे डोळे दिसत होते. इथे कुणालाच कुणी दिसत नाही, दोघांना फक्त दिसल्याचं समाधान मिळतं. आणि असं समाधान देणारी महागडी यंत्रं त्या बाटलीवाल्या मुलाकडे सर्वांत शेवटी पोचतील.

मग चांगलं सेटिंग कसं असतं?

समीक्षकाने नुसती नावं ठेवू नयेत, म्हणून सांगतो. मला हवं असलेलं पान आधी समोरच्याला दिसणारं चित्र दाखवेल, सरळ, आणि आरसा हवा असेल तर मागायला लावेल. ते एक रेघ काढून दाखवेल: तुमचे डोळे इथे, कॅमेरा इथे, स्क्रीन एक वीत उचला. त्यासाठी नवीन तंत्रज्ञान लागत नाही. कॅमेऱ्याला चेहरा ओळखता येतो, तर तो खालून दिसतोय हेही ओळखता येतं. ते समोरच्याची खिडकी आपोआप कॅमेऱ्याच्या जवळ सरकवेल. दहा सेंटिमीटरचे चार केले की १० अंशांचे ४ होतात आणि आपण सवलतीच्या हद्दीत येतो. आणि मीटिंगमध्ये कुणी फोन उभा धरून आलं असेल, तर त्याला उभा चौकोन देईल, काळ्या पट्ट्यांची शिक्षा नाही.

तोवर हे हाताने करावं लागतं. दिवाळी अंकांचा गठ्ठा लॅपटॉपखाली घातला की वीतभर उंची मिळते. कुठले अंक घालायचे ते तुमच्या अभिरुचीवर. बोलणाऱ्याची खिडकी ओढून वर, कॅमेऱ्याखाली आणता येते. स्वतःचं चित्र लपवता येतं. आणि तुम्ही मुलाखत घेणारे असाल तर पहिल्याच मिनिटाला विचारता येतं, "तुझा कॅमेरा कुठे आहे आणि स्क्रीन कुठे?" हा प्रश्न फॉर्ममध्ये छापून घ्यावा असा माझा आमच्या कंपनीत आग्रह चालू आहे. अजून छापलेला नाही.

छत्तीसच्या आकड्यातले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. आरशात धरले तरी ते तसेच राहतात, हे आपण पाहिलं. नव्वद अंश फिरवले तरी नुसते आडवे होतात, पाठ पाठीलाच राहते. ते समोरासमोर यायला एकाला उठून दुसऱ्याच्या बाजूला जावं लागतं, तेव्हा त्रेसष्ट होतो. आरसा आणि रोटेशन ही दोन बटणं सॉफ्टवेअरने दिली आहेत. उठून पलीकडे जाऊन आपण तिथून कसे दिसतो ते बघण्याचं बटण अजून कुणी दिलेलं नाही.